क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही, वय 13: कितपत झेपेल?

धरमपेठ_आई:
मुलगी मध्यमगती गोलंदाजी करते आणि शाळेच्या फुटबॉल संघात बॅकला खेळते. दोन्हीकडचे सर म्हणतात, आता एकच धरा. ती ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही खेळ खेळलेल्या एलिस पेरीचं नाव घेते. पेरीने हे कसं जमवलं, आणि इथे आठवडा कसा बसवायचा?

जामठा_एंड:
ताई, पेरीचा हिशेब आधी पाहा. 2007 मध्ये, 16 वर्षांची असताना, जुलैत ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेटचं पदार्पण आणि ऑगस्टमध्ये फुटबॉलचं. हाँगकाँगविरुद्धच्या त्या पहिल्याच सामन्यात दुसऱ्या मिनिटाला गोल! 2011 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनला लांबून मारलेला गोल तर आजही बघावा असा. पण 2012 मध्ये कॅनबेरा युनायटेडने फुटबॉललाच प्राधान्य दे म्हटलं, तेव्हा ती क्लब सोडून सिडनी एफसीत गेली. फुटबॉलचे 18 आंतरराष्ट्रीय सामने, 3 गोल, आणि पुढे क्रिकेटच. निवड तिलाही करावी लागली, पण विशी ओलांडल्यावर. तेराव्या वर्षी घाई कशाला?

स्पेल_मोजा:
वेळ जुळवता येते, खरी काळजी पाठीच्या मणक्याची. वाढीच्या वयात वेगवान गोलंदाजांना कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडते ती अतिचेंडूंमुळे. इंग्लंडच्या बोर्डाने 13 वर्षांपर्यंत एका स्पेलला (सलग टप्प्याला) 5 आणि दिवसाला 10 षटकांची मर्यादा घातली होती, तीच धरा. चूक होते नेट्समध्ये. सामन्यातली षटकं सगळे मोजतात, नेट्समधले 70-80 चेंडू कोणी मोजत नाही. वहीत रोजचे चेंडू लिहा. गोलंदाजी आठवड्यातून तीन दिवस, लागोपाठ नको, आणि फुटबॉलच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तर नकोच: थकलेल्या मांड्यांनी पुढचा पाय टेकवला की सगळा दणका कमरेत जातो. मागे वाकताना कमरेत एका बाजूला दुखतं म्हणाली, तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे. बामवर भागवू नका. चेंडूही तपासा. महिला क्रिकेटचा 140 ते 151 ग्रॅमचा असतो. सरावात बरेचदा मुलांचा जड चेंडूच हातात देतात.

लेफ्टबॅक_नागपूर:
फुटबॉलच्या बाजूने गुडघा सांभाळा. मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. फिफा 11+ वॉर्मअप आठवड्यातून किमान दोनदा: 8 मिनिटं धावणं, 10 मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी 2 मिनिटं वेगात धावणं. उडीनंतर गुडघा आत वळतो का, हे समोर उभं राहून बघा. तो पावलाच्या बोटांच्या रेषेतच हवा.

बूट वेगवेगळे घ्या. फुटबॉलच्या स्टडमध्ये (तळाला खुंट्या असलेल्या बुटांत) टाचेला आधार कमी, त्यात गोलंदाजी केली तर टाच धरते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिकटते, तेव्हा लांब स्टड चालतात. दिवाळीनंतर तीच जमीन दगडासारखी होते, तेव्हा बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेआठच्या आत मैदानातून बाहेर.

वेळापत्रक तसं आपोआप सुटतं. शालेय फुटबॉल पावसाळ्यात, क्रिकेट थंडीत. अडचण येते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्या दोन महिन्यांत एका खेळाचा फक्त हलका सराव ठेवा.

धरमपेठ_आई:
धन्यवाद. क्रिकेटचे सर रागावतात की ती चेंडू पायाने अडवते. ही सवय मोडायची का?

जामठा_एंड:
क्षेत्ररक्षणात मोडा. पायाला लागून चेंडू लांब जातो, उचलून फेकायला उशीर होतो आणि एकाच्या दोन धावा होतात. स्वतःच्या गोलंदाजीवर मात्र राहू द्या. 2010 च्या महिला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना, ब्रिजटाउन. न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर 5 हव्या होत्या. सोफी डिव्हाईनने पेरीच्या दिशेने सरळ तडाखा मारला. फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे चेंडू टाकून पुढे जाताना, हात खाली न्यायला वेळच नव्हता. पेरीने पाय घातला, चेंडू बुटाला लागून मिड-ऑनला उभ्या असलेल्या लिसा स्थळेकरकडे वळला, एकच धाव निघाली. ऑस्ट्रेलिया 3 धावांनी जिंकली.

सराव असा घ्या: ती गोलंदाजीची पूर्ण क्रिया करेल, 10 पावलांवरून तुम्ही टेनिस बॉल जमिनीलगत सोडा. आधी हात, हात पोहोचत नसेल तरच पाय. पाऊल आडवं, टाच टेकलेली. दिवसाला 12 चेंडू पुरेत, आणि तेही वहीत लिहा.