माजी सैनिकांच्या मानसिक आधारासाठी तालुक्याला वेगळा सरकारी निधी हवा का?

माणदेशी

थेट मुद्द्यावर येतो. ज्या तालुक्यांतून पिढ्यानपिढ्या पोरं पलटणीत जातात, तिथं माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी मानसिक आधाराचं केंद्र राज्य सरकारनं आपल्या अंदाजपत्रकातून चालवावं, अशी माझी मागणी आहे. दवाखाना नको. दोन खोल्या, एक शिकलेला समुपदेशक आणि नीट प्रशिक्षण दिलेले दोन-तीन माजी सैनिक, एवढं पुरे. त्या मंडळींत एखाद्या फौजीची बायकोही हवी. सगळ्यांना दरमहा मानधन द्या. समाजसेवा म्हणून फुकट राबवलं की सहा महिन्यांत कुलूप लागतं.

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. खटाव, माण, कोरेगाव, तिकडं कोल्हापुरात गडहिंग्लज, चंदगड, सगळीकडं हीच परंपरा. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं सगळ्यांना दिसतात. पण पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून ऐन चाळिशीच्या आत परत आलेला माणूस सेवापूर्तीच्या मिरवणुकीनंतर कुणाच्या खिजगणतीत राहत नाही. उघड्या जीपमधून हलगीच्या तालावर गुलाल उधळत त्याला घरी आणतात आणि दुसऱ्या दिवसापासून तो पारावर बसतो.

लोकांना वाटतं, फौजीच्या मनाचा त्रास म्हणजे गोळीबाराच्या आठवणी. काहींना तो आहेच. सियाचीनला राहिलेली, काश्मिरात डोळ्यांसमोर सोबती गमावलेली माणसं आमच्या गावात आहेत. पण जास्त माणसं खचतात ती घरी आल्यावर. कारण घर त्यांच्यावाचून चालायला शिकलेलं असतं. सोसायटीच्या कर्जापासून लेकीच्या ॲडमिशनपर्यंत सगळं बायकोनं निभावलेलं असतं. तिकडं चाळीस जवानांची हजेरी घेणाऱ्या हवालदाराला इकडं धाकटा भाऊ विहिरीच्या पाण्याची पाळीसुद्धा विचारत नाही. मग पुण्यात एखाद्या सोसायटीच्या गेटवर बारा-बारा तासांची ड्युटी धरायची, सुट्टीला गावी आलं की कॅन्टीनची बाटली उघडायची. ती बाटली संपेपर्यंत घरातलं कुणी मोठ्यानं बोलत नाही.

सोयी नाहीत असं म्हणत नाही. माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, 2003 पासून आहे. बीपी-शुगरच्या गोळ्यांना तिचा मोठा आधार आहे. पण मनाच्या डॉक्टरकडं जायचं तर जिल्ह्याच्या पॉलीक्लिनिकमध्ये आपल्याच गावच्या चार जणांच्या रांगेत उभं राहून रेफरल मागावं लागतं. टेली-मानसची 14416 ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन 2022 मध्ये सुरू झाली, पुढच्याच वर्षी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय कॉलेजात, सैन्यदलासाठी तिचा वेगळा कक्षही झाला. चांगलंच झालं. पण जो बायकोजवळ मन मोकळं करत नाही, तो अनोळखी आवाजाला काय सांगणार? तो बोलला तर आपल्यासारख्याच दुसऱ्या फौजीशी बोलेल.

2020 मध्ये राज्यानं माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली. म्हणजे ठरवलं तर सरकारला जमतं. आता या कामालाही पैसा द्या.

वऱ्हाडी माणूस

माणदेशी दादा, तळमळ कळते, पण माझा विरोध आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडं मन खचून संपलेल्या माणसांची घरं गल्लोगल्ली आहेत. तिथं आशाताई दारोदार फिरून प्रश्नावली भरतात, कोण खचलंय ते शोधतात. प्रेरणा प्रकल्प नावाचं ते काम शेतकऱ्यांसाठी म्हणून काढलं. आता तुम्ही सैनिकांसाठी वेगळं मागता. उद्या पोलीस मागतील, परवा एसटीचे चालक मागतील, आणि त्यांचंही खरंच असेल. प्रत्येकाला वेगळी खिडकी काढून देत गेलं तर खिडक्या वाढतील, आत बसणारा माणूस मात्र तेवढाच राहील.

देशाच्या 2015-16 च्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. सगळ्यांचीच ही अवस्था असताना पहिला पैसा कुणाला द्यायचा? माजी सैनिकाला निदान पेन्शन आहे, कार्ड आहे, जिल्ह्याला त्याच्यासाठी ऑफिस आहे. कोरडवाहू चार एकरवाल्याच्या बाईला यातलं काय आहे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून चालू आहे. त्यातली रिकामी पदं भरा, ग्रामीण रुग्णालयात मनाच्या डॉक्टरची ओपीडी दर आठवड्याला लावा. फौजीही तिथंच येईल, शेतकरीही तिथंच येईल. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं ती दोन माणसं एकाच घरात राहतात.

निवृत्त सुभेदार

मीही विरोधातच, पण माझं कारण वेगळं आहे.

फौजीच्या डोक्यात बिघाड असतो, हा समज आधीच पसरलाय. भाड्यानं घर देताना मालक विचारतो, साहेब, रागीट नाही ना? त्यात सरकारनंच आमच्यासाठी मनाचं केंद्र काढलं की शिक्का पक्का. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजीच्या तब्येतीचा दर्जा, किती महत्त्वाची हे नोकरीत असलेल्याला विचारा. तो दर्जा ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांत देतात, त्यातलं पहिलंच अक्षर मनाचं. ते एकावरून दोनवर गेलं की प्रमोशनपासून पोस्टिंगपर्यंत सगळं अडतं. म्हणून जवान झोप येत नसली तरी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, पाठदुखीच सांगतो. निवृत्तीनंतर डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या दलात, पुन्हा भरती व्हायचं, बँकेत बंदूकधारी गार्ड म्हणून लागायचं, तिथंही मेडिकल आणि हत्याराचं लायसन आडवं येतं. तुमच्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये नाव लागलं आणि ते कुठं पोचलं तर त्या माणसाची भाकरी गेली. जबाबदारी कोण घेणार?

पैसा द्यायचाच तर नोकऱ्यांना द्या. माजी सैनिकांच्या राखीव जागा भरा. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी म्हाताऱ्या माणसांना सैन्यदलाच्या ट्रायब्युनलचे खेटे घालायला लावू नका. निकाल बाजूनं लागला तरी सरकार वरच्या कोर्टात जातं. या पेन्शनच्या 2023 च्या नव्या नियमांनी तर धास्ती आणखी वाढवली. हातात मानाचं काम आणि हक्काचा पैसा आला तर निम्मी दुखणी पळतात. हे मी पलटणीत पाहिलंय.

चंदगडची सून

सुभेदार साहेब, तुमचा मान राखून बोलते. आमच्या मालकांना काम होतं. पेन्शन वेळेवर येत होती. तरी काय झालं ते सांगते.

घरी आल्यावर पहिलं वर्ष ते पलंगावर झोपले नाहीत. दाराशी घोंगडी टाकून झोपायचे. रात्री दोन वाजता उठून कडी बघायची, बॅटरी घेऊन गोठ्याला चक्कर मारायची, परत येऊन पुन्हा कडी बघायची. लग्नात जेवायला गेलं तर पंगतीच्या टोकाला, पाठ भिंतीला लावून बसायचे. मधे कुणी बसवलं तर तसेच उठून घरी. पोरांना सकाळी साडेपाचला अंगणात उभं करायचे. थोरला दहावीत होता, तो एकदा नाही म्हणाला. त्या दिवशी जे झालं ते इथं लिहीत नाही.

जिल्ह्याच्या एका कार्यालयात मी स्वतः गेले होते. तिथल्या साहेबांनी विचारलं, शिष्यवृत्तीचा फॉर्म आहे का? मी नाही म्हणाले. मग पेन्शनचं आहे का? तेही नाही म्हटल्यावर त्यांना पुढं काय विचारावं ते कळेना, मलाही काय सांगावं ते कळेना. चहा पाजून पाठवलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडं या कामाचा कागदच नव्हता.

मालकांना बरं वाटायला लागलं ते त्यांच्याच कंपनीतले एक नाईक गडहिंग्लजला भेटल्यापासून. ते आमच्या आधी या सगळ्यातून गेलेले. दर आठवड्याला येऊन बसायचे. त्यांनीच पुढं डॉक्टरकडं नेलं, गोळ्या चालू केल्या. ते भेटले नसते तर? माझ्यासारख्या बाईनं कुणाच्या भेटीवर किती दिवस विसंबायचं? तेच काम सरकारनं पगार देऊन करावं, यात फौजीचा अपमान कसला?

डॉक्टरीणबाई

मी डॉक्टर नाही, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सोशल वर्कर आहे. गावात हेच नाव पडलंय.

वऱ्हाडी दादांचं म्हणणं मला कामातून पटतं. आमची टीम तालुक्याला ठरल्या दिवशी जाते. त्या दिवशी ओपीडीत आकडी येणारी मुलं असतात, बाळंतपणानंतर खचलेल्या बायका असतात, दारू सोडवायला आणलेले तरुण असतात. एका पेशंटला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. पण याच कारणानं फौजी तिथं टिकत नाही, हेही मी पाहते. तो वेळेच्या आधी येतो, ताठ बसतो, सगळं ठीक आहे म्हणतो आणि झोपेची गोळी घेऊन जातो. त्याला दहा मिनिटांत बोलतं करणं मला आजवर जमलेलं नाही.

सुभेदार काकांच्या भीतीवर एक सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 नं पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. पण कायदा कागदावर आणि रजिस्टर टेबलावर उघडं, असं चित्र सर्रास दिसतं. त्यामुळं त्यांची भीती मी खोडून काढणार नाही.

माणदेशी दादांच्या योजनेतली एक गोष्ट मात्र मला खटकते. ‘प्रशिक्षण दिलेले माजी सैनिक’ म्हणजे तीन दिवसांचं शिबिर आणि सर्टिफिकेट, असं होणार असेल तर नको. जीव नकोसा झालेला माणूस समोर बसलाय, आणि ऐकणाऱ्याला त्याची खूण ओळखता येत नाही. तो म्हणतो, अरे मर्दा, असं काय करतोस! यानं नुकसान होतं. सोबत्याला निदान काही महिने शिकवायला हवं, आणि त्याच्यावर देखरेख करणारा तज्ज्ञ हवा. खरा खर्च तिथं आहे. खोल्यांना रंग दिला म्हणजे केंद्र होत नाही.

मिशिगनकर

मूळचा कराडचा, इकडं शेजारी व्हिएतनामच्या लढाईतले एक आजोबा आहेत म्हणून थोडं माहीत आहे.

त्या लढाईतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा सरकारी हॉस्पिटलांवर विश्वास नव्हता. ते आपापसात गोल करून बसायचे, बोलायचे. त्यातूनच पुढं मागणी झाली आणि 1979 मध्ये तिथल्या संसदेनं ‘व्हेट सेंटर’ मंजूर केली. हॉस्पिटलच्या आवारात नव्हे, बाजारपेठेतल्या साध्या गाळ्यांत. समुपदेशकांत माजी सैनिक बरेच असतात, घरच्यांनाही येता येतं. सुभेदार साहेबांच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट ही की तिथल्या नोंदी हॉस्पिटलच्या फाइलपासून वेगळ्या असतात आणि त्या माणसाच्या परवानगीशिवाय पुढं जात नाहीत. आज अशी सुमारे तीनशे केंद्रं आहेत. तिथं सगळं सुरळीत आहे असं कुणी समजू नये, माजी सैनिकांच्या आत्महत्या हा तिथं आजही मोठा प्रश्न आहे. पण दार कसं असावं, हे त्यांना बऱ्यापैकी समजलं.

निवृत्त सुभेदार

सूनबाईंचं वाचून दोन वेळा उठलो. नाईकानं केलं ते पलटणीचं कर्तव्यच केलं. पण म्हणूनच सांगतो, ते रजिस्टर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाता कामा नये. पेन्शन, शिष्यवृत्ती, ओळखपत्र सगळं तिथून चालतं. त्याच टेबलावर मनाचा कागद ठेवाल तर एकही माणूस येणार नाही. वेगळी नोंद, तीही नावाऐवजी क्रमांकानं, हे शासन निर्णयात लिहून आलं तर माझा विरोध निम्मा कमी. उरलेला निम्मा नोकऱ्यांसाठी कायम आहे.

माणदेशी

सुभेदार साहेब, ही अट मागणीत घातली. मी आधी जागा म्हणून जिल्ह्याच्या सैनिक विश्रामगृहाचा विचार करत होतो. आता तालुक्याच्या बाजारपेठेतच जागा मागू. डॉक्टरीणबाई, प्रशिक्षण आणि देखरेखीचा खर्च आधी, इमारतीचा नंतर, हेही मान्य.

वऱ्हाडी दादा, तुमच्याशी मात्र भांडण राहणार. सगळ्यांसाठी एकच दार म्हणता, पण डॉक्टरीणबाईंनी त्या दारात फौजी काय करतो ते लिहिलंय. शेतकऱ्यांसाठी वेगळी वाट काढली तेव्हा मी विरोध केला नव्हता, कारण शेतकऱ्याचं दुखणं वेगळ्या जागी असतं आणि त्याला हात घालणारा माणूस गावातलाच लागतो. मग इथं तोच न्याय का नको?

वऱ्हाडी माणूस

न्याय तोच लावतो, म्हणूनच विचारतो, माजी सैनिक म्हणजे कोण? माझा भाचा अग्निवीर आहे. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 संपता संपता पुरी होतात. चौघांतला फार तर एक कायम होणार. बाकीचे पंचविशीच्या आसपास सेवानिधीचे, म्हणजे एकरकमी मिळणारे, 11 लाख 71 हजार घेऊन घरी. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. भरतीला जाताना गावानं हार घातलेलं पोर परत येईल तेव्हा तुमच्या केंद्रात त्याला कार्ड विचारणार का? सीआरपीएफ, बीएसएफची माणसं वर्षानुवर्षं नक्षली भागात, सीमेवर काढून येतात. त्यांनाही ईसीएचएस लागू नाही. वेगळं दार काढलं की दारावर यादी येते. माझा विरोध त्या यादीला आहे.

माणदेशी

यादी नकोच. ज्यानं वर्दी घातली तो आणि त्याचं घर, कार्ड दाखवायची गरज नाही. अग्निवीर, सीआरपीएफ, बीएसएफ सगळे. केंद्र सरकारच्या योजनेत माजी सैनिकाची व्याख्या आडवी येते, म्हणून तर राज्याच्या पैशातून मागतोय. राज्याला आपली व्याख्या करता येते.

वऱ्हाडी माणूस

तसं लिहून आणा, मग सही देण्याचा विचार करतो. पण त्याच ठरावात ग्रामीण रुग्णालयातली रिकामी पदं भरण्याची मागणीही पाहिजे. तुमचा सोबती माणसाला धरून डॉक्टरपर्यंत आणेल, आणि खुर्ची रिकामी असेल तर काय करणार?

डॉक्टरीणबाई

हे आधी लिहा. गडहिंग्लजच्या नाईकांनी नेलं तेव्हा डॉक्टर जागेवर होते, म्हणून पुढचं झालं.

चंदगडची सून

माझीही एक मागणी घाला. केंद्र बाजाराच्या दिवशी दिवसभर उघडं पाहिजे. बाजाराला म्हणून निघालं तर बाईमाणसाला घरात कुणी अडवत नाही, आणि त्या दिवशी परतीच्या एसट्याही जास्त असतात.