मदत हवी आहे: आरोग्य समितीच्या बैठकीला खरे रुग्ण येतच नाहीत (सत्तरी, गोवा)

रानवारा

नमस्कार मंडळी,

आमची पंचायत सत्तरीत, वाळपईपासून बरीच आत. मी यंदा पंच म्हणून निवडून आले आणि बाईमाणूस म्हणून गाव आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीचं अध्यक्षपदही माझ्याच गळ्यात पडलं. समिती तशी जुनी आहे. बैठक म्हणजे पंचायतघरात चहा, मागच्या बैठकीचा वृत्तान्त कायम, ब्लीचिंग पावडर, डासांची फवारणी, सह्या, आणि चला घरी.

आता झालंय असं की आमच्या आरोग्य केंद्रात नव्या डॉक्टरबाई आल्यात. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "उपकेंद्रात बीपी-शुगरवाल्यांचा जो दिवस असतो, त्यात काय बदलायला हवं ते गावाने सांगावं. माझ्या हातात असेल तेवढं मी करीन." असं कोणी आपणहून विचारत नाही, म्हणून मी लगेच बैठक लावली.

आले कोण? निवृत्त मास्तर, देवस्थान समितीचे दोघे, माजी सरपंच आणि त्यांच्या मागून फिरणारे. मागितलं काय? एक्स-रे मशीन, चोवीस तास डॉक्टर आणि स्वतंत्र रुग्णवाहिका. उपकेंद्रात एक्स-रे! दर महिन्याला गोळ्या न्यायला येणाऱ्या बायकांपैकी एकही नव्हती. हंगाम काजूचा. पहाटे उठून बोंडू वेचायचे, बिया काढायच्या, बोंडू भट्टीवर पोचवायचे, त्यातून कोण येणार पंचायतघरात बसायला?

दुसऱ्या दिवशी दूध सोसायटीवर शेजारच्या वाड्यावरच्या एक काकी भेटल्या. बैठकीला का आला नाहीत म्हणून विचारलं, तर किटलीचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "म्हाका कोणेंच विचारूंक ना." मग तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शुगरचं रक्त उपाशीपोटी द्यायचं. त्यांच्या वाड्यावरून बस येते दहाच्या सुमाराला. उपकेंद्रात पोचून नंबर लागेपर्यंत बारा. तोवर पोटात चहासुद्धा नाही. एकदा परतताना घाटीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या रस्त्याकडेला बसून राहिल्या. त्यानंतर त्यांनी जाणंच सोडलं. कार्ड आहे, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर नीट ठेवलेलं, पण शेवटची नोंद पावसाळ्याआधीची. गोळ्या घेतात त्या नवऱ्याच्या. तीच गोळी, तोच रंग, म्हणून.

हे मला किटलीपाशी कळलं, बैठकीत कधीच कळलं नसतं. तर या बायकांना, म्हाताऱ्यांना बोलतं कसं करायचं? समितीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत पानोपानी "आशा हे करतील, आशा ते करतील" असं आहे. गोव्यात आशा कार्यकर्त्या नाहीतच, मग ते काम आमच्याकडे कोणी करायचं? पंचायत सचिव म्हणतात, व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवू. मला ते पटत नाही. शिवाय आमची नर्सबाई चांगली आहे, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटायला नको. आणि समितीला वर्षाला जे दहा हजार मिळतात त्यातून अशा कामासाठी काही करता येतं का?

---

उपकेंद्रवाली

ताई, माझी सगळी नोकरी उपकेंद्रांत गेली, आता घरी आहे. पहिली गोष्ट, लोकांकडे जाण्याआधी नर्सबाईकडे जा. आम्हाला समितीचा राग नसतो. चार माणसं वही घेऊन अचानक दारात उभी राहतात त्याचा असतो. ती, अंगणवाडी सेविका आणि तुम्ही, तिघींनी मिळून विचारायला जा. आशा नसल्यामुळे वाड्यावाड्याची खडान्खडा माहिती या दोघींकडेच असते.

दुसरं, कोणाच्या हातात काय आहे ते आधी वेगळं काढा. कुठल्या वारी बसायचं, कोणत्या वाड्यावर बसायचं, रांग कशी लावायची हे बरंचसं नर्स आणि डॉक्टर मिळून ठरवू शकतात. गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या, लॅबवाला कधी पाठवायचा, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरचं काम. नवीन पद, मशीन, इमारत हे सगळं पणजीला, आरोग्य संचालनालयात. लोकांना पहिल्या दोनबद्दलच विचारा आणि तसं सांगूनच विचारा. नाहीतर पुन्हा एक्स-रेच येणार. लसीकरणाच्या दिवसाला मात्र हात लावू नका. त्या दिवसामागे लस थंड ठेवून वेळेत आणण्याचं सगळं वेळापत्रक असतं.

उपाशीपोटी रक्ताचं म्हणाल तर नव्या माणसाची पहिली चाचणी ग्लुकोमीटरवर कुठल्याही वेळी करतात, बोटाला टोचून. औषध चालू असलेल्यांना उपाशीपोटी का बोलावतात आणि त्याला पर्याय काय, हे डॉक्टरबाईंनाच विचारा, ते आपण ठरवायचं नाही. पण शुगरची गोळी चालू असलेली बाई बारापर्यंत उपाशी राहते, हे त्यांच्या कानावर आजच घाला. आणि त्या काकींना नवऱ्याच्या गोळ्या आधी बंद करायला सांगू नका, आधी डॉक्टरकडे न्या.

---

रोखठोक

समित्या सह्यांसाठीच असतात, उगाच स्वप्नं बघू नका. माहिती हक्काचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागच्या वर्षांचं कॅशबुक मागा. ब्लीचिंग पावडरीत किती गेलं ते बघा आणि मग ग्रामसभेत विचारा. नाही पंचायत हादरली तर बोला.

---

रानवारा

@रोखठोक, अध्यक्ष मीच आहे हो, माझ्याच समितीवर मी अर्ज कुठे टाकू? कॅशबुक मागवून वाचलं. पावडर आहे, खरंच भरपूर आहे.

---

सह्याद्रीपल्याड

मी महाराष्ट्रातला, पण विषय जवळचा आहे. आमच्याकडे २००७ मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, ग्रामीण आरोग्य अभियानाखाली. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. गावातले लोक उपकेंद्राला आणि आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे. लस मिळते का, औषध बाहेरून आणायला लावतात का, नर्स गावात येते का, असे साधे प्रश्न. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तक्ता कळायचा. मग जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर लोकांनी आपला अनुभव सांगायचा.

एक सावधगिरी. जनसुनवाईत दबाव येतो, कामं होतात, पण समोर बसलेली असते सगळ्यात खालची कर्मचारी. औषधाचा साठा वरून आला नाही याची बोलणी तिला बसतात. तुमच्याकडे डॉक्टरच विचारतेय, मग सुनवाईची घाई कशाला? रंगांचा तक्ता तेवढा उचला. "सेवेबद्दल आपलं मत काय" असं विचाराल तर सगळे "बरी आहे" म्हणतील. "मागच्या वेळी गोळ्या संपल्या तेव्हा काय केलंत?" असं विचारा.

व्हॉट्सॲपचा फॉर्म मुलगा भरतो, गोळी आई खाते.

---

मांद्रेवाला

इथे ग्रामसभेचा विषय निघाला म्हणून सांगतो. ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतली माणसं. आमच्या किनारी पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांत राहणारे, हॉटेलात भांडी घासणारे, बांधकामावरचे, बोटीवरचे खलाशी, यांतल्या कितीजणांचं नाव त्या यादीत असतं? गरोदर बायका त्यांच्यातही असतात, बीपी त्यांनाही असतं. तुमच्याकडे काजूच्या बागायतीत बाहेरून आलेले मजूर असतील, त्यांना विसरू नका. ते "गावचे" नाहीत म्हणून कोणी विचारत नाही आणि तेही आपणहून सांगत नाहीत.

---

कुळागरी

गोव्यातलंच एक उदाहरण देते. संगाथ या संस्थेने इथल्या आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत नैराश्य आणि चिंता यांवर एक मोठा अभ्यास केला होता, २०१० मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशन करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, मानसोपचारतज्ज्ञ तर नव्हत्याच. सुमारे दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या इथल्याच साध्या बायका होत्या. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला, खाजगीत तसा दिसला नाही. मुद्दा एवढाच की आपल्या बोलीत बोलणारी बाई समोर असली की माणूस झोप लागत नाही इथपासून सांगायला लागतो.

म्हणून विचारायला जाताना पंच म्हणून जाऊ नका. बचत गटातल्या, भजनी मंडळातल्या एकदोघींना पुढे करा. आणि वही उघडायची घाई करू नका, वही दिसली की आपल्याकडे लोकांना सरकारी योजनेचा वास येतो.

---

सह्याद्रीपल्याड

+१. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, लिहून ठेवलंय की आपल्या आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

---

रोखठोक

हे काजूच्या बागायतीत जाऊन वाचून दाखवा.

---

रानवारा

सगळ्यांचे आभार, रोखठोकांचेही. थोडी हालचाल झाली आहे, म्हणून लिहिते.

नर्सबाईला आधी भेटले. ती म्हणाली, बरं झालं, उपाशीपोटीचं मी पण सांगून थकले. मग अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या एक ताई, दोघी मिळून दूध सोसायटी, रेशन दुकान आणि काजूच्या भट्टीवर गेल्या. भट्टीवर मी मुद्दाम गेले नाही. तिथे उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडूंची ताजी दारू, प्यायला येणारे पुरुषही बोलले म्हणे, आणि त्यांच्यात बीपीची गोळी महिनोन्‌महिने न घेतलेले कितीतरी निघाले. कारण एकच, गोळीवर दारू चालत नाही म्हणून हंगामात गोळी बंद. हे कुठल्याच बैठकीत कोणी बोललं नसतं. ऐकून डॉक्टरबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "याचं मी बघते, यांना ओरडून उपयोग नाही."

बायकांनी मागितलं ते मला सुचलंच नसतं. उपकेंद्राच्या ओसरीवर बीपी बघतात, तिथेच बाकावर वाड्यावरचे पुरुष बसलेले असतात. अंगावरून जाणं, लघवीची जळजळ, असलं काही त्या तिथे बोलतच नाहीत. "बीपी सांगतो आणि येतो परत," असं एक जण म्हणाली. तर दहा हजारांतून आधी पडदा आणि दोन बाक घेतोय. एक बाक बाहेर, झाडाखाली, पुरुषांसाठी.

डॉक्टरबाईंनी कबूल केलं ते असं. लांबच्या वाड्यांवरचं उपाशीपोटीचं रक्त त्यांच्याच अंगणवाडीत सकाळी लवकर घ्यायचं, लॅबवाला महिन्यातून एकदा तिकडून येईल. बीपी आटोक्यात असेल त्यांना गोळ्या पूर्ण महिन्याच्या. संध्याकाळचा दवाखाना मात्र जमणार नाही म्हणाल्या, नर्स एकच आहे आणि रात्री बाळंतीण आली तर तिनेच उठायचं. हे "नाही" सुद्धा कारणासकट लिहून सोसायटीच्या फळ्यावर लावलं, मराठीत, मोठ्या अक्षरांत. काकींना आम्ही डॉक्टरकडे नेऊन आणलं. त्यांची गोळी वेगळी निघाली.

बागायतीतल्या मजुरांकडे अजून पोचलेलो नाही. मांद्रेवाल्यांचं म्हणणं लक्षात आहे.

अडचण वेगळीच उभी राहिली आहे. माजी सरपंच नाराज आहेत. समितीच्या बैठकीबाहेर निर्णय झाले, हे नियमाला धरून नाही, असं म्हणतात. आणि पुढच्या बैठकीत एक्स-रेचा विषय त्यांनी घातलाच आहे.

---

उपकेंद्रवाली

पडद्याचं वाचून बरं वाटलं. आम्ही जुन्या साड्या बांधायचो.

निर्णय नियमात बसवून घ्या. झालेलं सगळं पुढच्या बैठकीत वृत्तान्तात घाला, पडद्याच्या खर्चाला मंजुरी घ्या, बिल जोडा. आणि ही विचारपूस एकदाच करून थांबू नका. मृग लागला की बायका शेतात, वेळा पुन्हा बदलतात, आणि तेव्हा बीपीपेक्षा तापाचे रुग्ण जास्त. काजूच्या दिवसांत तुमच्या तालुक्यात माकडतापाचंही बघावं लागतं, २०१५ पासून. तो रानातल्या गोचिडी चावून होतो. माणसं रानात असतात, अंगाला लावायचं तेल दुपारी केंद्रावर वाटून काय उपयोग? तेही भट्टीवर आणि सोसायटीवरच वाटायला सुचवा.

---

रोखठोक

माजी सरपंचांना विरोध करू नका. एक्स-रेचा ठराव करा, एकमताने करा, आणि तो घेऊन आमदारांकडे आणि पणजीला खेटे घालायची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवा. वृत्तान्तात नावानिशी लिहा.

---

रानवारा

हे जमेल. रविवारी बैठक आहे.