'हॅव'चा गोंधळ: 'हॅविंग', 'हॅव हॅड' आणि 'हॅड गॉन' कधी वापरायचं?

पत्रलेखक (प्रश्न)

कामाचे ई-मेल इंग्रजीत लिहावे लागतात. 'हॅव' म्हणजे 'असणे' एवढंच धरून लिहिलं की कुठेतरी अडतं. खालची चारही वाक्यं चूक आहेत असं तपासताना कळलं, पण कारण कळलं नाही.

१. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.'
२. 'आय हॅव धिस लॅपटॉप सिन्स थ्री इयर्स.'
३. 'यस्टरडे आय हॅड गॉन टू द बँक.'
४. 'आय हॅड रिपेअर्ड माय लॅपटॉप बाय अ टेक्निशियन.'

नुसती दुरुस्ती नको, चूक का होते तेही सांगा. आणि 'हॅव हॅड' असं दोनदा का येतं?

वाक्यविचार

पहिलं वाक्य आधी घेऊ, कारण यातलं बरंचसं त्यातूनच सुटतं.

मराठीत 'हॅव'ला नेमकं असं एक क्रियापद नाही. 'माझ्याकडे गाडी आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला ताप आहे', 'खोलीला दोन खिडक्या आहेत' या चारही वाक्यांत क्रियापद 'आहे'च. 'मी' किंवा 'खोली' कर्ता होत नाही, त्यांना प्रत्यय नाहीतर 'कडे' लागतं. इंग्रजीत मात्र चारही ठिकाणी ज्याच्याकडे आहे तोच कर्ता: 'आय हॅव अ कार', 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय हॅव अ फीव्हर', 'द रूम हॅज टू विंडोज'. मनातला 'आहे' आधी 'ॲम' होऊन बाहेर येतो आणि मग त्याच्यामागे बसवायला 'हॅव'चं 'हॅविंग' करावं लागतं. चुकीचं मूळ हे.

मालकी, नातं, आजार, गुणधर्म ही स्थिती आहे, तिथे 'हॅविंग' येत नाही. 'हॅव'चा अर्थ खाणं, पिणं, घेणं, भरवणं, अनुभवणं असा असेल तर ती कृती झाली, तिथे 'हॅविंग' बिनधास्त वापरा: 'वी आर हॅविंग लंच', 'दे आर हॅविंग अ मीटिंग', 'आय ॲम हॅविंग ट्रबल लॉगिंग इन'.

ताळा करायचा तर 'हॅव' काढून तिथे 'ईट', 'ड्रिंक', 'होल्ड' किंवा 'एक्स्पीरियन्स' घालून बघा. बसलं तर 'हॅविंग' चालतं. भावांच्या वाक्यात यातलं काहीच बसत नाही. अर्थ किती बदलतो तेही बघा: 'डू यू हॅव टी?' म्हणजे तुमच्याकडे चहा आहे का, आणि 'आर यू हॅविंग टी?' म्हणजे तुम्ही चहा घेताय का.

आजारांच्या बाबतीत एक बारकावा. आत्ता डोकं दुखत असेल तर 'आय हॅव अ हेडेक'. हल्ली अधूनमधून दुखत असेल तर 'आय ॲम हॅविंग हेडेक्स' बरोबर आहे, कारण तो पुन्हा पुन्हा येणारा अनुभव आहे.

तिसरं_रूप

मी दुसरं आणि तिसरं वाक्य घेतो. 'हॅव हॅड'चं उत्तर दुसऱ्यातच आहे.

'हा लॅपटॉप माझ्याकडे तीन वर्षं आहे.' मराठीत सरळ वर्तमानकाळ. इंग्रजीत मात्र जे मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे त्याला 'हॅव' अधिक मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप लागतं. इथे मुख्य क्रियापदही 'हॅव'च आहे आणि त्याचं तिसरं रूप 'हॅड'. म्हणून 'आय हॅव हॅड धिस लॅपटॉप फॉर थ्री इयर्स'. पहिला शब्द काळ दाखवतो, दुसरा 'जवळ असणं' सांगतो. 'शी हॅज हॅड अ फीव्हर सिन्स मंडे' याची घडणही तीच. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स'. त्यामुळे 'सिन्स थ्री इयर्स' कधीच नाही.

तिसऱ्या वाक्याची चूक मराठीभाषकांच्या लिखाणात फारच दिसते. 'काल मी बँकेत गेलो होतो' हे मराठीत अगदी स्वाभाविक. त्याआधी-नंतर दुसरं काही घडलेलं असायलाच हवं असं नाही. म्हणून 'होतो'साठी 'हॅड' लिहिलं जातं. पण इंग्रजीतला 'हॅड गॉन' भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी काय झालं ते सांगतो. 'व्हेन शी कॉल्ड, आय हॅड गॉन टू द बँक' ठीक, कारण फोन येण्याआधीच जाणं झालं होतं. नुसतं कालचं सांगायचं तर 'आय वेंट टू द बँक यस्टरडे'. ई-मेलमध्ये 'आय हॅड सेंट यू द फाइल यस्टरडे' असं लिहिलं की वाचणारा पुढच्या घटनेची वाट बघत राहतो.

'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2019' असा संपलेला काळ वाक्यात असेल तर 'हॅव'ही नको. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चूक, 'आय सॉ हिम यस्टरडे' बरोबर.

पत्रलेखक

'होतो'चं आता लख्ख कळलं. चौथं राहिलं. आणखी दोन शंका: 'आय डिडन्ट हॅड टाइम' बरोबर का? आणि 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे 'येऊ नका' का?

शब्दजुळणी

चौथ्यात सगळा खेळ शब्दांच्या क्रमाचा आहे. 'मी केस कापले' म्हटलं तरी कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे मराठीत ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत ते क्रमानेच दाखवावं लागतं.

'आय हॅड कट माय हेअर': मी स्वतः, त्याआधीच कापले होते.
'आय हॅड माय हेअर कट': मी कापून घेतले.

म्हणजे 'हॅव', मग वस्तू, मग तिसरं रूप. तुमचं वाक्य 'आय हॅड माय लॅपटॉप रिपेअर्ड' असं होईल. 'बाय अ टेक्निशियन' जोडलं तरी चालेल, पण क्वचितच गरज पडते. माणूस मध्ये आणायचा असेल तर त्याच्यानंतर क्रियापदाचं मूळ रूप: 'आय हॅड द टेक्निशियन चेक इट'. 'गेट' वापरलं तर मात्र 'टू' लागतो: 'आय गॉट द टेक्निशियन टू चेक इट'. या दोघांची सरमिसळ होऊन 'हॅड हिम टू चेक' लिहिलं जातं, ते चूक.

हीच रचना नुकसानीसाठीही येते. 'शी हॅड हर फोन स्टोलन' म्हणजे तिचा फोन चोरीला गेला. तिने तो चोरायला लावला, असा अर्थ कुणी घेत नाही.

'आय डिडन्ट हॅड' चूक. भूतकाळ 'डिड'ने घेतला की पुढे मूळ रूपच: 'आय डिडन्ट हॅव टाइम'. म्हणूनच 'डज शी हॅज' नाही, 'डज शी हॅव'.

'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे यायची गरज नाही, यायचं असेल तर या. मनाई करायची असेल तर 'यू मस्ट नॉट कम'. सूचना लिहिताना हे दोन उलटसुलट झाले तर वाचणारा भलतंच करून बसेल. उच्चारात या 'हॅव टू'चा 'हॅफ टू' होतो आणि 'हॅज टू'चा 'हॅस टू'. ऐकताना ओळखायला उपयोगी.

वाक्यविचार

एक भर. 'हॅव गॉट'बरोबर 'डू' येत नाही. 'हॅव यू गॉट अ पेन?' किंवा 'डू यू हॅव अ पेन?' यातलं एक निवडा, 'डू यू हॅव गॉट' नको.

तिसरं_रूप

आणि 'शुड', 'कुड', 'मस्ट'नंतर कर्ता कुणीही असो, 'हॅव'च येतं: 'ही शुड हॅव रिप्लाइड'. बोलताना त्याचा 'शुडव्ह' होतो, तो 'शुड ऑफ' असा ऐकू येतो आणि तसाच लिहिलाही जातो. पाठवण्याआधी ई-मेलमध्ये तेवढं शोधून दुरुस्त करा, स्पेलिंग तपासणारी सोय ते पकडेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द सुटे बरोबरच असतात.