एमएचा प्रबंध: विज्ञानकथा, फँटसी आणि गॉथिक एकत्र घेता येईल का?

धूसर_पान
शेवटच्या सत्राचा प्रबंध मराठीतून लिहायचाय, मर्यादा १२,००० शब्द. विषय 'विज्ञानकथा, फँटसी आणि गॉथिक (जुने वाडे, गूढ आणि दहशत यांच्या कथा) साहित्यातील भय'. प्रत्येक प्रकारातल्या दोन, अशा सहा कादंबऱ्या घेऊन त्या तोदोरोव्ह, सुविन आणि मेंडलसन या समीक्षकांच्या आधाराने वाचायच्या असा बेत होता. आराखड्यावर शेरा आला: 'पसरट. प्रश्न कुठे आहे?' सहा खरंच जास्त होतात का? तिन्ही सिद्धांत एकत्र चालतील का? आणि मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ची नेटवर फुकट मिळणारी प्रत वापरली तर चालेल ना?

कंसातला
जास्तच होतात. प्रस्तावनेला १,५००, संज्ञांना २,०००, समारोपाला १,००० धरा. उरले ७,५००, म्हणजे कादंबरीमागे १,२५०. त्यातले तीनचारशे कथानक सांगण्यातच जाणार. एवढ्यात एक उतारासुद्धा धड उलगडत नाही. दोन कादंबऱ्या घ्या, अगदीच राहवत नसेल तर तीन.

शेरा मात्र आकड्याबद्दल नाहीये. 'अमुक साहित्यातील भय' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यातून 'भय आहे बुवा' यापलीकडे काही निघत नाही. त्यापेक्षा असं विचारा: अशक्य वाटणारी घटना घडली की तिचा उलगडा कोण करतं, किती उशिरा करतं, आणि केल्यावर भयाचं काय होतं?

अ‍ॅन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' (१७९४) पाहा. नायिका एमिली काळा पडदा बाजूला करते, आत बघते आणि बेशुद्ध पडते. तिला काय दिसलं हे वाचकाला शेकडो पानं कळत नाही. अगदी शेवटाकडे कळतं की तो मेणाचा पुतळा होता. याउलट मॅथ्यू लुइसच्या 'द मंक'मध्ये (१७९६) सैतान खरोखर येतो आणि त्याचा लौकिक उलगडा होतच नाही. दोघांत दोनच वर्षांचं अंतर. 'गॉथिक म्हणजे भुताखेतांचं' ही व्याख्या इथेच निकालात निघते.

उंबरठा
सिद्धांतांबद्दल. तिन्ही एकत्र चालत नाहीत, कारण ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

तोदोरोव्हचा 'फँटास्टिक' (फ्रेंच पुस्तक १९७०) म्हणजे आपण म्हणतो ती फँटसी नव्हे. प्रबंधांत सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. घटना लौकिक की अलौकिक, हे ठरत नाही तोवरची घालमेल म्हणजे त्याचा फँटास्टिक. निकाल लागला की कथा एका बाजूला सरकते: उलगडा झाला तर 'अनकॅनी', अलौकिक मान्य करावं लागलं तर 'मार्व्हलस'. ड्रॅगन आणि जादूगार असलेली, स्वतंत्र जगातली फँटसी त्याच्या हिशेबात मार्व्हलस, कारण तिथे घालमेल नसतेच.

सुविनने १९७९ च्या पुस्तकात विज्ञानकथेची व्याख्या 'कॉग्निटिव्ह एस्ट्रेंजमेंट' अशी केली: ओळखीचं जग अनोळखी करायचं, पण तर्काला धरून, एखाद्या नव्या गोष्टीच्या ('नोव्हम'च्या) जोरावर. फँटसीला तो मुळातच कमी लेखतो. त्याच्या मापाने फँटसी मोजली तर ती नापास होणार हे आधीच ठरलेलं, मग तुम्ही सिद्ध काय केलंत? त्याला दिलेलं उत्तर हवं असेल तर 'रेड प्लॅनेट्स' (२००९) या संग्रहातला चायना मिएव्हिलचा समारोपाचा लेख वाचा.

मेंडलसनने केलेले फँटसीचे चार प्रकार (२००८) कथेत अद्भुत कुठून शिरतं यावर आधारलेत. फँटसी ठेवणार असाल तरच ते उपयोगी.

मराठीतून लिहिताय म्हणून आणखी एक खड्डा. 'मार्व्हलस'ला 'अद्भुत' म्हटलंत की संस्कृत काव्यशास्त्रातला अद्भुतरस मागोमाग येतो. त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, विस्मय. म्हणजे संज्ञा प्रेक्षकाच्या अनुभवाकडे वळते. तोदोरोव्हची विभागणी मात्र घटना कुठल्या नियमांनी घडते यावर आहे. तसंच रॅडक्लिफच्या १८२६ साली छापलेल्या निबंधातला 'टेरर' आणि 'हॉरर' हा भेद. तिथे टेरर मन विस्तारतो, हॉरर ते आक्रसून गोठवतो. त्यांना भयानक आणि बीभत्स म्हणायचा मोह होतो, पण बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा आहे, गोठवणारी भीती नाही. 'टेरर', 'हॉरर' असेच ठेवा आणि पहिल्यांदा वापराल तिथे दोन ओळींत अर्थ द्या.

पाठभेद
फुकट प्रतीला हरकत नाही, फक्त ती कुठल्या आवृत्तीची आहे ते तपासा. 'फ्रँकेन्स्टाइन'चे पाठ दोन: १८१८ आणि १८३१. नेटवरच्या प्रतींवर साल नसतं किंवा चुकीचं असतं. ओळखायची खूण: प्रकरणं सलग २४ असतील तर १८३१, तीन खंड आणि दर खंडात पुन्हा १ पासून सुरुवात असेल तर १८१८. तरी शंका राहिली तर एलिझाबेथ बघा. ती नायक व्हिक्टरच्या आत्याची मुलगी असेल तर १८१८, कोमो सरोवराजवळच्या गरीब घरातून आणलेली पोर असेल तर १८३१.

तुमच्या प्रश्नात हा भेद फारच कामाचा आहे. वीज पडून ओकचं झाड फुटतं तो प्रसंग काढा. १८१८ मध्ये वडील विजेबद्दल सांगतात, छोटं यंत्र आणि पतंग करून दाखवतात. १८३१ मध्ये वडिलांची जागा एका अभ्यासू पाहुण्याने घेतलीय आणि गॅल्व्हनिझमचा (विजेने स्नायू हलवण्याच्या प्रयोगांचा) उल्लेख आलाय. म्हणजे उलगडा करणारा माणूसच बदलला! '१८१८ मध्ये शेलीने गॅल्व्हनिझमकडे बोट दाखवलं' असं लिहून या प्रसंगाचा दाखला दिलात तर परीक्षक तिथेच पकडतील.

धूसर_पान
मग 'उडॉल्फो' आणि १८१८ ची 'फ्रँकेन्स्टाइन'. फँटसी सोडली, म्हणजे मेंडलसनही. सुविन ठेवू?

उंबरठा
ठेवा, पण एकाच जागी. प्राण फुंकण्याची रीत व्हिक्टर वॉल्टनला, म्हणजे ज्याला तो आपली कहाणी सांगतो त्याला, मुद्दाम सांगत नाही. नोव्हम आहे, रीत गुलदस्त्यात. सुविनचं 'तर्काला धरून' तिथे कितपत टिकतं ते तपासा, आणि शेजारी काळा पडदा ठेवा. सिद्धांताचं वेगळं प्रकरण मात्र करू नका. ते २,००० शब्द संज्ञांपुरते, बाकी सगळं उताऱ्यांसोबत.

पाठभेद
'गॉथिक' एवढंच टाकून लेख शोधू नका, चर्चची वास्तुकला आणि जुनी जर्मानिक भाषा यांचा ढीग येईल. सोबत रॅडक्लिफचं नाव टाका. आणि 'गॉथिक स्टडीज', 'सायन्स फिक्शन स्टडीज' यांचे अंक थेट चाळा.