मदत हवी आहे: टेकडाउन रायफलला हलकी नळी बसवली, नेम जागेवर राहत नाही

भटका_नेमबाज:
रुगर १०/२२ टेकडाउनला (खोलून दोन भाग होणारी .२२ रायफल) बाहेरच्या कंपनीची हलकी नळी घेतली. बसली व्यवस्थित. एकदा जोडली की ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) झकास, पण खोलून परत जोडली की सगळा ग्रुप दोन बोटं सरकलेला. कधी डावीकडे, कधी वर. नळी परत करायची मुदत संपत आलीय, म्हणून लवकर सांगा. ठेवू की परत करू, एवढंच हवंय.

धातुवेडा:
कसली नळी? कार्बन, बारीक पोलादी, की अ‍ॅल्युमिनियमचं आवरण? दुर्बीण कशावर आहे? काडतुसं कोणती? अंतर किती? काहीच न सांगता 'परत करू का' कसं सांगणार?

भटका_नेमबाज:
अ‍ॅल्युमिनियम, आत पोलादी अस्तर. दुर्बीण नेहमीच्याच जागी, म्हणजे रिसीव्हरवर (बोल्ट नि मॅगझिन असतो तो मागचा भाग). ५० यार्ड. जुन्या नळीला हा त्रास कधीच नव्हता.

खडूस_काका:
जुन्या नळीने मारताना दुर्बीण होती की उघड्या साइट (नेम धरायच्या साध्या खुणा)?

भटका_नेमबाज:
साइट. त्याचा काय संबंध?

खडूस_काका:
अहो, सगळा संबंध तिथेच आहे! मूळ नळीवर पुढची आणि मागची, दोन्ही साइट नळीलाच असतात. नळी केसभर तिरकी बसली तरी साइट तिच्यासोबत तिरक्या होतात, नेम तोच राहतो. दुर्बीण मात्र रिसीव्हरवर. ती एकीकडे बघते, नळी दुसरीकडे. नळीला नावं ठेवण्याआधी सांधा बघा.

रेल_हवीच:
म्हणूनच मी कायम सांगतो, नळीवर रेल (दुर्बीण बसवायची पट्टी) लावा आणि दुर्बीण तिच्यावर चढवा. विषय संपला.

धातुवेडा:
वजन कमी करायला नळी बदलायची आणि त्याच नळीवर रेल नि दुर्बीण लादायची? अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून ती जाड असूनही हलकी असते. तो फायदा घालवायचाच असेल तर लावा रेल.

रेल_हवीच:
माझी रायफल खोलून जोडल्यावरही झिरो (जुळवलेला नेम) धरते. तुमची धरते का, ते सांगा.

जुना_हात:
तुमचं भांडण चालू द्या. धागाकर्ते, नव्या नळीवरचा अ‍ॅडजस्टिंग नॉब (सांधा घट्ट करायची फिरती कडी) आवळलात का? तो नळीवर असतो, रिसीव्हरवर नाही. त्यामुळे जुन्या नळीला लावलेलं माप नव्या नळीला चालत नाही. मॅगझिन काढा, बोल्ट मागे अडकवा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामा आहे ना, ते डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. नळी जोडा, नॉब हाताने जाईल तेवढा आवळा. पक्कड अजिबात नको. मग खोलून परत जोडा. फिरवताना शेवटी हाताला थोडा जोर जाणवायला हवा. नंतर एका हातात पुढचा भाग, दुसऱ्यात मागचा दस्ता धरून हलवा. जराही खुळखुळ नको.
दुसरं, ०.९२० इंचाची जाड नळी असेल तर मूळ फोरएंड (नळीखालचा, हाताने धरायचा पुढचा भाग) चालत नाही. घासून बसवलाय का? एका बाजूने दाबत असेल तर तोही नेम हलवतो.

कायदेपंडित:
भारतात शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे, नळीसारखा भागही परवान्याशिवाय बाळगता येत नाही. असे धागे काढण्याआधी विचार करावा.

खडूस_काका:
पंडितजी, ते यार्डात मोजतायत. म्हणजे अमेरिकेत असतील. तिकडचा नियम सांगायचा तर १९३४ च्या कायद्याने रायफलची नळी नोंदणीशिवाय १६ इंचांहून आखूड नको. पण विचारलं कोणी होतं?

अतिवेग:
स्टिंगर (जास्त वेगाची .२२ काडतुसं) वापरा, गोळी सपाट जाते.

धातुवेडा:
नका वापरू! स्टिंगरच्या काडतुसाचं कवच साध्या लाँग रायफलपेक्षा (.२२ चं नेहमीचं काडतूस) लांब असतं. बाहेरच्या नळ्यांचे चेंबर बरेचदा घट्ट असतात. नळीसोबतचा कागद वाचा.

भटका_नेमबाज:
नॉब सैलच होता. आवळल्यावर खुळखुळ गेली. तीनदा खोलून जोडली, ग्रुप जवळपास एकाच जागी. फोरएंड घासलेलाच आहे, पण डावीकडे नळी आणि फोरएंडच्या मधून कागदाची पट्टी सरकत नाही.

जुना_हात:
मग तिथे अजून थोडं घासा. पट्टी दोन्हीकडून आरपार सरकली पाहिजे. नळी ठेवा.

रेल_हवीच:
रेल लावली असती तर घासावं लागलं नसतं.

धातुवेडा:
रेलचा फोरएंडशी काय संबंध???