बेडरूमच्या भिंतीला दरवर्षी बुरशी, मदत हवी आहे

नांदेडला तळमजल्यावर स्वतःचं घर आहे, विटांचं, १५ वर्षं जुनं. पावसाळा लागला की बेडरूमच्या भिंतीला खालून ३ फुटापर्यंत काळी बुरशी धरते, कपाटातल्या कपड्यांना बी कुबट वास. ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसलं, कपाट भिंतीपासून सरकवलं, मागच्या वर्षी डॅम्पप्रूफ मारून रंग दिला तर दोन महिन्यात पोपडे निघाले. भिंतीवर प्लास्टिक चारी बाजूनं टेप लावून २४ तास ठेवलं, भिंतीकडच्या बाजूनं पाणी धरलं, म्हणजे ओल भिंतीच्या आतूनच येतेय. पाईप लीक नाही, चेक केलंय. बाहेर त्याच भिंतीला लागून पाणी साचतं. आईला दमा आहे म्हणून लई काळजी वाटते. आधी बाहेरून काम करावं का आतलं प्लास्टर काढून नवीन करावं, आणि हे आता पावसात जमतं का दिवाळीनंतरच?