घाटात पुढच्याची चेन पडली तर थांबायचं की सुटायचं?

सायन_ते_शिंग्रोबा
आधी काय झालं ते सांगतो, मग घाला शिव्या.

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. महिन्यातून एका रविवारी पहाटे साडेचारला सायनहून निघायचं, वाशीचा पूल, पनवेल, जुन्या हायवेने खोपोली आणि मग बोरघाट. रेस फक्त घाटाची, ती पण शिंग्रोबाच्या देवळापर्यंतच, तिथे हात जोडायचे, नाणं टाकायचं आणि खाली येऊन मिसळ. गेली कित्येक वर्षं पहिला नंबर काकांचा. काका आता ५४ चे, तरुणपणी मुंबई-पुणे सायकल रेस केलेला माणूस, 'घाटाचा राजा' थोडक्यात हुकला म्हणतात (ते स्वतः कधी सांगत नाहीत, बाकीचेच सांगतात).

परवा मी त्यांच्या मागे चिकटून होतो. देऊळ दोन वळणांवर असताना ते सीटवरून उठले, पुढच्या चकतीचा गिअर टाकला आणि खाडकन चेन खाली. पाय रिकामे गरगरले. मी बाजूने निघून गेलो. पहिला आलो, आयुष्यात पहिल्यांदा. मिसळीच्या टेबलावर कोणी धड बोललं नाही आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर माझं नाव 'कॉन्टाडोर' पडलं होतं.

तर कॉन्टाडोरच घ्या. २०१० ची टूर डी फ्रान्स, पंधरावा स्टेज (म्हणजे एका दिवसाची रेस), पोर्ट द बालेसचा घाट. अँडी श्लेक यलो जर्सीत (एकूण वेळेत पहिला असतो त्याची), कॉन्टाडोरच्या ३१ सेकंद पुढे, त्यानेच अ‍ॅटॅक केला आणि त्याचीच चेन पडली. कॉन्टाडोर गेला निघून. त्या दिवशी ३९ सेकंद कमावले, पॅरिसमध्ये शेवटचा फरक पण ३९ च. लोकांनी पोडियमवर हुर्यो उडवली, रात्री बिचाऱ्याने व्हिडिओ टाकून माफी मागितली. कशाची माफी? गिअर कधी टाकायचा हे पण स्किलच आहे ना. बॅट्समनच्या हातातून बॅट सटकली म्हणून बोलर स्टंपवर टाकायचं सोडतो का?

चेनलूब
माफी मागून पण ती टूर त्याला पचली नाहीच. क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, २०१२ मध्ये टायटल काढून घेतलं आणि श्लेकला दिलं. देव असतो.

आणि थांबणारे पण असतात हो. २००१ च्या टूरमध्ये उलरिच उतारावर रस्त्याबाहेर गेला तेव्हा आर्मस्ट्राँग थांबला, २००३ मध्ये लुझ आर्दिदेनला प्रेक्षकाच्या पिशवीत हँडल अडकून आर्मस्ट्राँग पडला तेव्हा उलरिचने वेग कमी केला. २०२२ ला स्पांदेलच्या उतारावर पोगाचार घसरला, विंगेगार्ड पुढे जाऊन त्याच्यासाठी रेंगाळला, मग चालत्या सायकलवर दोघांनी हात मिळवले. बघताना अंगावर काटा आला होता. ते लोक करोडोंसाठी थांबतात आणि तू मिसळीसाठी थांबला नाहीस.

सायन_ते_शिंग्रोबा
वा, मोठेपणाचं उदाहरण कोण तर आर्मस्ट्राँग 😂 डोपिंगसाठी टूरची सात टायटलं काढून घेतली त्याची.

आणि विंगेगार्डकडे तेव्हा दोन मिनिटांहून जास्त लीड होता. थोडा थांबला, मग त्याच दिवशी ओताकामच्या चढावर पोगाचारला सोडून टूर खिशात घातली. ज्याच्या घरी धान्याची कोठारं भरलेली त्याने मूठभर तांदूळ वाढला तर त्यात काय एवढं. मी आठ वर्षांत एकदा पुढे होतो.

अजून ऐका, हे थांबणं सोयीने असतं. त्याच २०१० च्या टूरमध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या स्टेजला ओल्या उतारावर निम्मी रेस पडली, दोन्ही श्लेक भाऊ पण पडले, तेव्हा त्यांच्याच टीमचा कान्चेलारा यलोमध्ये होता, त्याने सगळ्यांना थांबवलं. दुसऱ्या दिवशी दगडी रस्त्यावर सख्खा भाऊ फ्रँक पडला, कॉलरबोन गेलं, कॉन्टाडोर मागे अडकला, तेव्हा अँडी कान्चेलाराच्या मागे बसून सुसाट. मिनिटाहून जास्त घेतलं कॉन्टाडोरवर. तेव्हा कुठे होती खिलाडूवृत्ती?

वानखेडे_नॉर्थस्टँड
सायकलमधलं कळत नाही, पोरगा चालवतो म्हणून वाचतो. पण १९८० ची ज्युबिली टेस्ट वानखेडेवर बघितलेला माणूस आहे मी. इंग्लंड ५ बाद ५८, बॉब टेलरला अंपायरने कॉट बिहाइंड दिलेला, विश्वनाथ कॅप्टन, त्याला वाटलं बॅट लागली नाही, त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ ची पार्टनरशिप केली आणि आपण दहा विकेटनी हरलो. घरी येताना चर्चगेटच्या गाडीत लोक विशीला काय काय बोलत होते ते इथे लिहिता येणार नाही. आज ४५ वर्षांनी त्या मॅचमधलं लोकांना काय आठवतं? बोथमची सेंच्युरी आणि १३ विकेटी, आणि विशी. बास.

फक्त_फ्लॅट_रोड
मी होतो त्या राईडला. याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे म्हणून लिहितोय.

पनवेल सोडल्यावर समोरून वारा होता. तिथून खोपोलीपर्यंत काका पुढे, आम्ही आलटून पालटून पुल करत होतो (पुढे राहून वारा कापत होतो) आणि हा एकदाही पुढे आला नाही. एकदा काकांनी कोपर हलवलं, म्हणजे 'ये आता पुढे', तर साहेब बाटली काढून पाणी प्यायला लागले. बाटली रिकामी होती, मी बघितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सपाट रस्त्यावर तिशीच्या स्पीडला तुमची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते, पुढच्याच्या चाकामागे बसलं की तीसेक टक्के तरी वाचते. घाटात स्पीड दहा-बारावर येतो, तिथे मागे बसून फार काही वाचत नाही, तिथे ज्याचे पाय ताजे तो राजा. म्हणजे हा घाट घाटात जिंकलाच नाही, चौक-खालापूरच्या पट्ट्यात काकांच्या पाठीमागे बसून जिंकला.

चेन पडली तेव्हा निघून गेला याचं मला एवढं वाटलं नाही खरं तर. बाटलीचं वाटलं.

सायन_ते_शिंग्रोबा
बाटलीत दोन घोट होते.

आणि मागे बसणं हा टॅक्टिक्सचा भाग आहे, पाप नाही. यूप झुटेमेल्क म्हणून डच होता, त्याच्यावर जोक होता की हा टूरवरून घरी जातो तेव्हा गोराच असतो कारण तीन आठवडे तेव्हाचा चॅम्पियन मर्क्सच्या सावलीत असतो. टूर जिंकला ना शेवटी?

आरेतला_बिबट्या
झुटेमेल्कचं नाव घेतलंस तर पूर्ण घे. सहा वेळा टूरमध्ये दुसरा आला तो. १९८० ला फ्रान्सचा चॅम्पियन हिनो यलोमध्ये होता, गुडघा गेला, रात्री पो शहरातून रेस सोडून निघून गेला. झुटेमेल्क आपोआप पहिला. दुसऱ्या दिवशी त्याने यलो जर्सी घातली नाही, म्हणाला आज नको. ज्याला सगळे चिकटू म्हणायचे तो माणूस. तू मात्र शिंग्रोबाला दोन्ही हात वर करून फोटो काढलास आणि स्ट्राव्हा अ‍ॅपवर टाकलास, 'न्यू किंग' लिहून. काका खाली काळ्या हातांनी चेन बसवत होते तेव्हा. आत्ता बघून आलो, अजून आहे फोटो.

पंक्चर_पंत
सगळे काकांचे वकील झालेत म्हणून उलटं बोलतो. हा थांबला असता तर ती काकांवर दया झाली असती. तीन वर्षांपूर्वी चेन पडली असती तर चेन बसवून पण त्यांनी याला वळणावर पकडलं असतं. आता पकडता येत नाही, खरा राग त्याचा आहे सगळ्यांना, काकांना नसेल एवढा ग्रुपला आहे.

वेळेत सोडणारे बघा. गावस्कर शेवटच्या टेस्टला ९६ करून थांबला, बंगलोरला, त्या आखाड्यासारख्या पिचवर. हिनोने आधीच सांगितलं होतं वयाच्या ३२ ला रेसिंग सोडणार, आणि सोडली. उलट फ्रूम बघा. चार टूर जिंकलेला माणूस, २०१९ ला प्रॅक्टिस करताना भिंतीवर आदळला, मांडीचं हाड, कोपर, बरगड्या सगळं मोडलं, तरी परत आला आणि मग वर्षानुवर्षं शेवटच्या घोळक्यात. बघवत नव्हतं.

चेनलूब
तुला बघवत नव्हतं म्हणून त्याने सोडायची? त्याच फ्रूमने २०२२ ला आल्प द्युएझवर तिसरा नंबर काढला. आणि स्प्रिंटर कॅव्हेंडिश? २०२३ ला टूरमधल्या ३४ स्टेज जिंकून तिथेच अडकला होता, मर्क्सच्या बरोबरीत, पडला, कॉलरबोन तुटलं, रडत घरी गेला. रिटायर होतो म्हणाला होता, ते रद्द करून एक वर्ष अजून थांबला आणि २०२४ ला ३९ व्या वर्षी सँ-व्युल्बाला ३५ वी जिंकली. गावस्करचा हिशेब लावला असता तर ती ३५ वी झालीच नसती.

पंक्चर_पंत
एक कॅव्हेंडिश सांगतोस, त्याच्यामागे कितीजण नुसते गळपटले ते कोण मोजणार.

आणि ते थांबण्याचं, मदतीचं पण फार पवित्र करू नका. २०१५ च्या जिरोत (इटलीची मोठी रेस) रिची पोर्ट पंक्चर झाला, दुसऱ्या टीमच्या सायमन क्लार्कने गाववाला म्हणून आपलं पुढचं चाक काढून दिलं. सगळ्यांनी फोटो शेअर केले, किती छान किती छान. संध्याकाळी दोघांना दोन-दोन मिनिटांची पेनल्टी, कारण दुसऱ्या टीमची मदत नियमात बसत नाही. आता बोला.

वानखेडे_नॉर्थस्टँड
पोरगा म्हणतो हे काका म्हणजे तेच का, ज्यांनी त्याला येऊरला ट्यूब बदलायला शिकवली? तसं असेल तर माझा नमस्कार सांगा.

मोठी_चकती
नमस्कार पोचला. मीच तो काका. पोरांनी लिंक पाठवली म्हणून अकाउंट काढलं, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

चेन आपोआप पडली नाही. तू मागे आहेस हे कळत होतं, श्वास ऐकू येत होता तुझा, आणि माझे पाय संपले होते. म्हटलं एकदा मोठ्या चकतीवर टाकून उडी मारू, घाबरून सोडशील. पूर्ण जोर लावून ठेवलेला असताना पुढचा गिअर टाकला. असा टाकत नाहीत हे मीच तुम्हाला शिकवलंय. त्या श्लेकचंही तसंच झालं असणार. थांबला असतास तर मला पुढे जाऊन परत तुझ्याशी झुंजायला लागलं असतं आणि तेवढं शिल्लक नव्हतं माझ्याकडे, तेव्हा त्या बाबतीत तू सुटलास.

फोटोत मागे देवळाची पायरी दिसते, तिच्यावर बसलेला कुत्रा गोड आलाय. ठेव फोटो.

बाटलीचं मात्र मी पण बघितलं होतं. पुढच्या वेळी पनवेल ते खोपोली पूर्ण पट्टा तू पुढे, वारा असो नसो. मी मागे बसणार, आणि मोठी बाटली आणणार आहे.

सायन_ते_शिंग्रोबा
ओके काका. 🙏 साडेचार ना?

मोठी_चकती
सव्वाचार. तू पुढे असलास की वेळ लागेल.